माणसं पाच, ताप एक

बेबीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले होते. फोन टेबलावर थरथरत होता, त्यावर त्यांच्या सुनेचं नाव दिसत होतं, आणि मी काचपट्टीवरची शंभर ठिकाणं मोजत होते. रक्ताच्या डागात मलेरियाचा जंतू नाही असं लिहायचं असेल तर निदान शंभर ठिकाणं बघितल्याशिवाय लिहायचं नाही, हा आमच्या कामाचा साधा नियम. मी त्र्याऐंशीवर होते. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मी शंभर पुरी केली, ‘जंतू आढळले नाहीत’ असं लिहून सही केली आणि मग फोन लावला. सून म्हणाली, “आई गेल्या. जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.” आणि मी मूर्खासारखी विचारून बसले, “पण आज त्या स्लाइड घेऊन येणार होत्या ना?” गुरुवार होता. गुरुवारी दुपारी बेबीताई यायच्या, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की मरणाची बातमीही आधी त्या वेळापत्रकाला जाऊन धडकली.

बेबीताई आमच्या आरोग्य केंद्राच्या आशा कार्यकर्ती. कागदावर नाव कुसुम, पण त्या नावानं त्यांना फक्त हजेरीपट ओळखायचा. पनवेलजवळच्या विचुंब्याच्या आगरी घरातल्या, सातवी शिकलेल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मी पुण्याहून लग्न होऊन इकडे आले, राहते रोडपालीला, आणि नोकरी म्हणजे प्रयोगशाळेतलं एक टेबल, एक मायक्रोस्कोप आणि एक उंच स्टूल. मला माणसांपेक्षा काचपट्ट्या बऱ्या वाटतात हे मी कधी लपवलं नाही. काचपट्टी उलट बोलत नाही. बेबीताई मला पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, “बाय, तू त्या स्टुलावरनं उठत नायस. माणूस आला तरी मान वर करत नायस.” मी म्हटलं होतं, मान वर करायची तुमची नोकरी, खाली घालायची माझी. तेव्हा त्या खळखळून हसल्या होत्या. हे वाक्य मी पुढे अनेकांना ऐकवलं, मोठ्या ऐटीत.

त्यांचं काम होतं बांधकामावरच्या मजुरांच्या वस्त्यांमध्ये फिरायचं आणि तापाची मुलं शोधायची. टॉवर उभा राहायला लागला की त्याच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांची रांग लागते, त्यात बिहारपासून बंगालपर्यंतची कुटुंबं येतात, आणि त्यांच्यासोबत त्यांची पोरं. या पोरांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणं म्हणजे काय दिव्य असतं, ते मी दोनदाच बघितलं आणि तिसऱ्यांदा जायला नकार दिला. बेबीताईंनी त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. त्या पिशवीत लाल नेलपॉलिशची बाटली ठेवायच्या. बोट टोचलं, थेंब घेतला, कापूस दाबला की त्याच बोटाच्या नखाला लाल रंग. कुणाचं रक्त घेतलंय आणि कुणाचं राहिलंय, हे नखावरून कळायचं, आणि रंगासाठी पोरी स्वतःहून बोट पुढे करायच्या. एक तर म्हणे दहाही बोटं टोचून घ्यायला तयार होती. त्याच बाटलीनं त्या खोलीच्या पत्र्यावर लिहायच्या. भेटीची नोंद घराच्या भिंतीवर करायची असा नियमच आहे, पण बाकीच्या खडूनं लिहायच्या आणि खडू पुसून जायचा. बेबीताईंचा नेलपॉलिश पाऊस झेलायचा. तारीख, खोलीत किती माणसं, किती जणांना ताप, आणि खाली ‘बेबी’. तापाच्या मुलाचं नावही त्या बारीक अक्षरात लिहायच्या. ते नियमात बसत नव्हतं. पण पुढच्या खेपेला दारातून नावानं हाक मारता यायची.

मच्छरदाण्यांचंही त्यांचंच एक शास्त्र होतं. आम्ही वाटलेल्या मच्छरदाण्या लोक पेटीत जपून ठेवायचे, गावाला न्यायला, बहिणीच्या लग्नात द्यायला. मग बेबीताई हातात देण्याआधीच वेष्टण फाडायच्या, काठावर मार्करनं घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं नाव लिहायच्या आणि स्वतः बांधून द्यायच्या. “नवी ऱ्हायली की गावाला जाते,” असं त्यांचं म्हणणं. आणि डासांच्या अळ्या कुठे सापडतील, हे तर त्या फाटकातून आत शिरतानाच सांगायच्या. कारण ते टॉवर ज्या जमिनीवर उभे होते, ती त्यांच्या सासरची, चुलत्यांची, शेजाऱ्यांची भातशेती होती. त्यांनी तिथे लावणी केली होती. कुठल्या खाचरात पाणी थांबतं, कुठे चिकणमाती आहे, कुठून ओहोळ जायचा, सगळं त्यांच्या पायांना माहीत. इंजिनिअर सांगायचा, इथे पाणी साचत नाही, आणि त्या सरळ मागच्या बाजूच्या लिफ्टच्या खड्ड्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या. खड्डा भरलेला असायचा आणि पाण्यात अळ्या वळवळत असायच्या. डब्यात आणलेले गप्पी मासे त्यात सोडत त्या म्हणायच्या, “वर काय बी बांदा, खालचं पानी जागा सोडत नाय.”

याच सवयीपायी आमची भांडणं व्हायची. काचपट्टीसोबतच्या चिठ्ठीवर पत्ता म्हणून बेबीताई शेताचं नाव लिहायच्या. जोडखाचर. म्हातारीचं खाचर. उघडीवरचं. माझ्या संगणकात मात्र प्रकल्पांच्या नावांची यादी होती आणि त्यातलंच एक निवडावं लागायचं. त्यात ते लहान मुलांचं सर्वेक्षण सुरू झालं. मुलांसाठी मलेरियाची लस निघाली आहे, ती इतर देशांत टोचली जाते, आपल्याकडेही कधीतरी येईल, त्याआधी कुठल्या वस्तीत किती मुलांना ताप येतो, किती जणांच्या रक्तात जंतू असतो, कोण मच्छरदाणीत झोपतं आणि कोण नाही, हे नीट नोंदवून ठेवायचं होतं. म्हणजे लस आल्यावर फरक मोजता येईल. काम चांगलं होतं, मी आजही तसंच म्हणेन. पण नोंदी बिनचूक हव्या होत्या, आणि माझ्या टेबलावर येऊन पडायची म्हातारीची खाचरं. मी चिडायचे. बेबीताई शांतपणे म्हणायच्या की बिल्डर बदलला की पाटी बदलते, एकाच टॉवरची तीन नावं त्यांनी पाहिलीत, शेताचं नाव मात्र त्यांच्या आजेसासूपासून तेच आहे. एकदा, माझंही डोकं दुखत होतं, मी सगळ्यांसमोर म्हणाले, “शेतं विकून इतकी वर्षं झाली, आता तरी शहरातल्यासारखं लिहायला शिका.” बेबीताईंनी पिशवी उचलली आणि गेल्या. ती जमीन विकली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

खुशबूची काचपट्टी त्याच्या पुढच्या आठवड्यातली. चार वर्षांची मुलगी, झारखंडकडची, आईबाप आणि दोन भाऊ. सर्वेक्षणाच्या यादीत तिचं नाव होतं. बेबीताईंकडून मी तिच्याबद्दल बरंच ऐकलं होतं, कारण दहा बोटं पुढे करणारी ती हीच. तिच्या आईनं लसीबद्दल विचारलं होतं, सुई कब आएगी दीदी, आणि बेबीताईंनी तिला शब्द दिला होता की आली की पहिली तुझ्या पोरीला. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लग्नसराई सुरू झाली होती, आणि आमच्याकडच्या झटपट तपासणीच्या किट संपल्या होत्या. एरवी जागेवरच किटनं तपासून पंधरा-वीस मिनिटांत गोळ्या सुरू करता येतात. त्या आठवड्यात फक्त काचपट्ट्या घ्यायच्या आणि माझ्या उत्तराची वाट बघायची, असं चाललं होतं. बेबीताईंनी दुपारी काचपट्टी आणून दिली. भांडण अजून ताजं होतं, त्यामुळे दोघीही मोजकंच बोललो. जाताना म्हणाल्या, “भाच्याची हलद हाय, मी चार दिस नाय. या पोरीचं आदी बघ, बाय. अंग लय तापलंय.”

मी आधी बघितलं. तेवढं तरी मी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली तीच पट्टी घेतली आणि शंभर ठिकाणं मोजायची गरजच पडली नाही, दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणीच जंतूच्या बारीक अंगठ्या दिसायला लागल्या. फॅल्सिपेरम. मेंदूत जाणारा मलेरिया तो हाच. चिठ्ठीवर पत्ता होता, ‘भेंडीचं खाचर, पत्र्याच्या खोल्या’. भेंडीचं खाचर म्हणजे फाटकावर दोन संगमरवरी हत्ती असलेला टॉवर, एवढं मला इतक्या दिवसांत पाठ झालं होतं. मी यादीतून तो प्रकल्प निवडला, गोळ्यांचं पाकीट देऊन केंद्रातल्या सुपरवायझरला पाठवलं. तो इमानदारीनं गेला. खोली खोली फिरला, खुशबू, खुशबू म्हणून हाका मारल्या. अशी मुलगी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, पुन्हा तेच. मला जे ठाऊक नव्हतं ते इतकंच होतं, की भेंडीचं खाचर हत्तींपाशी संपत नाही. मधून नवा रस्ता गेलाय, आणि रस्त्यापलीकडच्या टॉवरखालीही तेच शेत आहे. त्याही टॉवरच्या पायाशी पत्र्याच्या खोल्या होत्या. बेबीताईंच्या लेखी शेत एकच होतं, रस्ता नंतरचा. खुशबू पलीकडे होती. हत्तींपासून चालत पाच मिनिटांवर.

मी बेबीताईंना फोन करायला हवा होता. हे वाक्य मी गेली दोन वर्षं रोज म्हणते आहे. मी फोन हातात घेतलाही होता… मग वाटलं, हळदीचा डीजे वाजत असेल, त्यांना ऐकू जायचं नाही. हे मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. गेल्याच आठवड्यात ज्यांना सगळ्यांसमोर टाकून बोलले, त्यांनाच आज विचारायचं, तुमचं ते खाचर नेमकं कुठे आहे हो? माझा अहंकार आडवा आला. तिसऱ्या दिवशी, सर्वेक्षणाचा रकाना मोकळा दिसत होता म्हणून, मी त्यात लिहिलं, ‘स्थलांतरित’. मजुरांची कुटुंबं उठून जातात, नेहमीच जातात, त्या शब्दावर कुणी कधी प्रश्न विचारत नाही. एक शब्द कागदी तक्त्यात लिहिला, तोच संगणकात भरला, त्यानं हिरवी खूण दिली आणि मी पुढची पट्टी घेतली.

चौथ्या दिवशी बेबीताई हळदीहून परतल्या, त्या घरी न जाता थेट वस्तीवर गेल्या. हातांना हळद तशीच होती. बापानं मुलीला नाक्यावरच्या कुणा डॉक्टरकडे नेऊन दोनदा सलाइन लावून आणलं होतं, आणि बेबीताई दारात पोचल्या तेव्हा तिला झटके येत होते. त्यांनी रिक्षातून मला फोन केला. मागे आईचं रडणं ऐकू येत होतं. “बाय, खुशबूच्या पट्टीवर तू काय वाचलंस?” मी सांगितलं. त्यांनी रिक्षावाल्याला आणखी जोरात घ्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, “मंग गोली कोनी दिली नाय तिला?” मी म्हणाले, माणूस दोनदा गेला होता, सापडली नाही. तेही खोटं नव्हतं. पनवेलहून मुंबईला हलवली, दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बेबीताई शेवटपर्यंत तिथेच होत्या. परत आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं की चादर अंगावर ओढताना एक हात बाहेर राहिला होता आणि नखावरचा रंग तसाच होता. आठवड्यात ते कुटुंब गावी निघून गेलं. माझ्या रकान्यातला शब्द तेव्हा खरा झाला.

चौकशी झाली. बैठकीत बेबीताईंना उभं करून विचारलं गेलं की पत्ता असा का लिहिला, तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मागितला तसा खुलासा लिहून दिला, ‘माझ्या लिहिण्यात चूक झाली.’ खाली सही. मी त्याच खोलीत होते, दोन खुर्च्या सोडून. रकाना कुणी भरला, फोन का केला नाही, असं कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. माझ्यासमोर सर्वेक्षणाचा तक्ता होता, मी त्याच्याकडे बघत होते. आयुष्यात मी बऱ्याच भित्र्या गोष्टी केल्या असतील, पण त्या दिवशीइतकी मी मला कधी नकोशी झाले नव्हते. बाहेर आल्यावर बेबीताईंनी माझ्याकडे पाणी मागितलं. मी बाटली दिली. त्या प्यायल्या, तोंड पुसलं, आणि म्हणाल्या की पुढच्या गुरुवारपासून दुपारी अर्धा तास काढ, एक वही आण.

अशी ती वही सुरू झाली. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची. गुरुवारी काचपट्ट्या माझ्या हवाली केल्या की बेबीताई खिडकीशी बसायच्या, पायातल्या चपला काढायच्या आणि शेतं सांगायला लागायच्या. वर शेताचं नाव, त्याच्या चतुःसीमा, कुणाच्या बांधाला कुणाचा बांध, पाणी कुठून यायचं आणि कुठे थांबायचं, आणि त्याखाली आज तिथे काय उभं आहे, किती फाटकं, मजुरांच्या खोल्या कुठल्या अंगाला. मी एकदा म्हटलं, तुम्हालाही लिहिता येतं की, घरी बसून लिहून काढा. “नाय. तू लिव. तुज्या हातानं लिव.” मला वाटलं, अक्षराचा न्यूनगंड असेल. सर्वेक्षण चालूच होतं, मुलं तापत होती, किट आल्या होत्या, पुन्हा संपल्या, पुन्हा आल्या. लस आली नव्हती. वस्तीत नवी कुटुंबं यायची आणि नव्या आया तोच प्रश्न विचारायच्या. बेबीताई आता कुणाला शब्द द्यायच्या नाहीत. पूर्वी खळखळून हसायच्या तेही थांबलं होतं. काम मात्र दुप्पट करायच्या, सुट्टी घेत नव्हत्या, घरातल्या लग्नालाही मांडवात तासभर थांबून निघून आल्या. सुनेनं मला दोनदा सांगितलं, मॅडम, तुम्ही समजवा, आई दम लागेपर्यंत फिरतात. मी काय समजावणार होते?

त्या जाण्याच्या तीन आठवडे आधी मी विचुंब्याला त्यांच्या घरी गेले होते. गुरुवारी त्या आल्या नाहीत, बरं वाटत नाही असा निरोप आला, म्हणून वही घेऊन मीच गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदा जात होते, हेही लिहून टाकते. चुलीची जागा गॅसनं घेतली होती, पण भाकरी तांदळाचीच थापत होत्या. मागच्या दारातून खुशबूच्या वस्तीवरचा तो टॉवर दिसत होता. मला जेवायला बसवलं, ताटात सुकट वाढली, आणि पहिला घास घेण्याआधीच माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं. फोन हातात घेतला होता ते, ठेवला ते, का ठेवला ते, रकान्यात काय लिहिलं ते. चौकशीत गप्प बसले तेही. बेबीताई भाकरी उलटत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“मना म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. “तवाच म्हाईत झालं. तक्त्यावरचं तुजं अक्षर मी वलखत नाय का?”

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यावर त्यांनी तवा खाली उतरवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. “तुला बरं वाटून काय करायचं व्हतं, बाय? ती पोर गेली. माजी बी चूक व्हती, तुजी बी व्हती. तुला शेतं म्हाईत नव्हती म्हनून गेली. म्हनून तर शिकवतंय तुला.” मग त्यांनी ताटात अजून एक भाकरी टाकली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीही नाही. जेवण झाल्यावर आम्ही विचुंब्याची उरलेली शेवटची चार शेतं लिहून पुरी केली. त्यांचं माहेर तळोजाकडचं. “आता म्हायेरची शेतं ऱ्हायली. तितं लय काम निगालंय. पुडच्या गुरवारपासनं घेऊ.” पण तो गुरुवार त्यांच्या छातीत दुखण्यात गेला, त्याच्या पुढचा डॉक्टरकडे, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी दुपारी सुनेचा फोन आला.

तेराव्याला गेले तेव्हा सुनेनं त्यांची पिशवी माझ्यासमोर ठेवली. केंद्राचं सामान केंद्रात जमा करायला हवं, म्हणाली. थर्मामीटर, कापूस, सुयांचं खोकं, रिकाम्या काचपट्ट्या, आणि तळाशी नेलपॉलिशची बाटली, अर्धी सुकलेली. बाटलीची कुठल्याच यादीत नोंद नव्हती. मी ती पर्समध्ये टाकली.

त्यांच्या जागी आता प्रणाली नावाची मुलगी आली आहे. हुशार आहे, सगळं मोबाइलमध्ये भरते, पत्ता प्रकल्पाच्या नावानं लिहिते, फाटकाच्या नंबरासकट. तिच्या चिठ्ठ्यांत माझ्या संगणकाला काही खटकत नाही आणि मला प्रत्येक चिठ्ठीची भीती वाटते. मागच्या आठवड्यात तिनं सांगितलं की तळोजाकडच्या नव्या वस्तीत ती एकटीनं पहिल्यांदा जाणार आहे. मी म्हटलं, मी येते. माझा साहेब बघतच राहिला. वहीत तळोजाचं पान कोरं होतं, नुसता मथळा, ‘माहेरची शेतं’. तिथे पोचले आणि फाटकाबाहेर उभी राहिले तर काही म्हणजे काही कळेना. चारी बाजूंना सारखीच खणलेली माती, सारखेच पत्रे, कारखान्यांकडून येणारा तो आंबूस वास. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, हे शेत कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, सांगणारं कुणी नाही. बकऱ्या राखत बसलेल्या एका म्हातारीला विचारलं, या जागेला काय म्हणायचे? ती म्हणाली, मी पण भाड्यानंच राहते. मला तिथेच रस्त्यावर बसून रडावंसं वाटलं.

दुसऱ्या रांगेत तिसरी की चौथी खोली. प्रणाली दारात उभी राहून माहिती विचारत होती आणि मी बाजूच्या पत्र्याकडे बघत होते. पत्र्यावर लाल बारीक अक्षरं होती. उलटी. ठेकेदार एका जागेचं काम संपलं की खोल्यांचे पत्रे काढून दुसरीकडे नेतो, तिथे ते जसे हाताला येतील तसे ठोकतात. मी मान वाकडी करून, मग जवळजवळ कमरेत वाकून वाचायला लागले. आतली बाई घाबरून बाहेर आली. तारीख अर्धी खिळ्याखाली गेली होती. पुढचं स्पष्ट होतं. ‘माणसं ५. ताप १. खुशबू.’ आणि खाली, म्हणजे आता सगळ्यात वर, ‘बेबी’.

किती वेळ वाकून राहिले कोण जाणे. त्या बाईनं विचारलं, “क्या लिखा है मैडम?” मी म्हटलं, पहले यहाँ पाँच लोग रहते थे. तिनं स्वतःच्या खोलीत डोकावून बघितलं, जणू ते अजून कोपऱ्यात बसलेले असतील. “अब कहाँ गए?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, एका शब्दाचं, मी ते एकदा लिहिलेलंही होतं. मी म्हणाले, “उनकी बच्ची को बुखार था. हम टाइम पे नहीं आए.”

प्रणाली माझ्याकडे बघायला लागली.  थोड्या वेळापूर्वी प्रणालीनं विचारलं तेव्हा घरात कुणालाही ताप नाही असं त्या बाईनं सांगितलं होतं, कारण ताप म्हटलं की ठेकेदार खोली खाली करायला लावतो. आता ती आत गेली आणि गोधडीतून तीन-साडेतीन वर्षांची एक मुलगी उचलून घेऊन आली. मुलीचे डोळे अर्धे मिटलेले होते. मी तिचं बोट हातात घेतलं. कढत होतं. प्रणालीनं किट काढली, मी सुई टोचली, थेंब किटच्या पट्टीवर टाकला, आणि मग पर्समधली बाटली काढून तळहातावर बराच वेळ घोळवली, तेव्हा कुठे रंग सुटला. नखाला लावला. मुलीनं डोळे उघडून बोटाकडे बघितलं.

पट्टीवर रेघ उमटायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. प्रणाली म्हणाली, मॅडम, तुम्ही केंद्रात जा, खूप स्लाइड पडल्यात, मी कळवते फोननं. पत्र्याच्या सावलीत एक विटांचा ढीग होता. मी मुलीला मांडीवर घेऊन त्यावर बसले आणि पट्टी जमिनीवर समोर ठेवली. मी उठले नाही.